आपलेपणा आणि मनाचे आरोग्य

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेयेस, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या अक्कलकोट तालुक्यात मराठी व कन्नड शेजारी नांदतात. दुधनी किंवा मैंदर्गीच्या बाजारात सौदा एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपला, तरी कोणास नवल वाटत नाही. शाळेत मात्र घरी कन्नड बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसले, की त्याला मंद समजले जाण्याचा धोका असतो. पुष्कळदा उणीव बुद्धीची नसते. आपण इथले आहोत, ही खात्री त्याला नसते.

ही गरज मानवाच्या मूलभूत प्रेरणांपैकी असल्याचे बाउमायस्टर व लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडले. तिच्या पूर्तीस अनेक ओळखींपेक्षा मोजक्या माणसांचा टिकाऊ जिव्हाळा लागतो. जगात दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रासलेली असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये नमूद केले.

शिक्षकांनी अशा मुलाकडूनच चार कन्नड शब्द वर्गासमक्ष शिकून घ्यावेत. याला अनुदान लागत नाही. मुले कामासाठी परगावी गेलेल्या वृद्धांना ग्रामसभेचे निमंत्रण सदस्यांनी घरी जाऊन द्यावे. उदासी हटत नसेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो पंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत, दोन्ही भाषांत लिहावा.