हातात सुई देण्याआधी

सकाळी साडेसातला शिक्रापूरला नर्सिंगच्या मुली जमतात. गाडी केंदूरच्या दिशेने निघाली की मी आधी प्रत्येकीचं लसीचं कार्ड मागते. हजेरी नंतर.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात. आज पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डची ड्यूटी मात्र सहा महिने थांबत नाही. म्हणून पहिला डोस प्रवेशाच्याच आठवड्यात व्हावा, हा माझा हट्ट. आज एकीचे दोनच झालेत.

‘‘मॅडम, लहानपणी सगळ्या लसी झाल्यात माझ्या. आई सांगते ना.’’

आई खरंच सांगते. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर, सगळं झालेलं असतं. पण महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस सर्वदूर येऊ लागली ती 2007-08 पासून, देशभर 2011 मध्ये. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या कित्येक मुली तिच्याविनाच वाढल्या. नेमक्या त्याच आज गणवेश घालून सुई धरायला आल्या आहेत.

साडेआठ. केंदूरचं प्राथमिक आरोग्य केंद्र. आधी शीतपेटीचं तापमान बघायचं, वहीत लिहायचं. दोन ते आठ अंश. हिपॅटायटिस बीची लस गोठली की वाया गेली, म्हणून बर्फाला चिकटलेली बाटली दिसली तर लगेच सांगायचं.

नऊला ओपीडी. दोन डोसवाल्या मुलीला मी वजनकाट्यावर आणि बीपीला बसवते. रक्त काढायला नाही. ती रुसते. रुसू दे.

अकराला लसीकरण. संत कान्होराज महाराजांच्या या गावात आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरूनही आया येतात, आशाताई त्यांना नावानिशी हाका मारतात. दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पेंटा लस द्यायची. तिच्यात हिपॅटायटिस बीची लस असतेच. शिवाय दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत जन्माचा डोस मिळतो. बाळाला संरक्षण आहे आणि त्याला टोचणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरीला नाही, हे मला सहन होत नाही.

दीडला डबे. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी.

अडीचला कचऱ्याचा तास. हा मी घाईत उरकत नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, कधीच नाही. बोटात सुई जाते ती अनेकदा अशाच वेळी. हब कटरने तोडायची, सुया पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात. मुली एचआयव्हीला घाबरतात. मी आकडे सांगते. बाधित रुग्णाची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो. खोलीत चिडीचूप.

टोचलंच तर? साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही, आणि लगेच सांगायचं. ‘सिस्टर रागावतील’ म्हणून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. रागावणाऱ्यांचाच मला राग येतो. लस झाली नसेल तर हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो चोवीस तासांत द्यावं लागतं. भीतीपोटी हे तास जाता कामा नयेत.

चारला गृहभेटी. एक आजी म्हणतात, ‘‘कावीळ उतरवणारा आहे की पलीकडच्या गावात.’’ उत्तर मी मुलींनाच द्यायला लावते. एकजण छान समजावते: ‘‘आजी, हिपॅटायटिस बीमध्ये कैकदा डोळे पिवळे होतच नाहीत. वर्षानुवर्षं कळत नाही आणि आत लिव्हर खराब होत राहतं. रक्त तपासल्याशिवाय काय उतरवणार?’’

साडेपाचला परतीच्या गाडीत मी तारखा लिहून घेते. रुसलेलीच्या तिसऱ्या डोसची आधी. ज्यांचे तीन पूर्ण झालेत त्यांची टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत. आकडा दहा किंवा त्याहून जास्त हवा. कमी आला तर पुन्हा डोस, पुन्हा तपासणी. ‘‘मॅडम, तोवर मी सुई धरायचीच नाही?’’ ती विचारते. तोवर माझ्याशेजारी उभी राहून बघायचं, मी सांगते, आणि तारीख तिच्याच हाताने तिच्या वहीत लिहायला लावते.