रणजीच्या बेंचवर बसलेल्याचं भागतं कसं?

आयपीएलचे कोटींचे आकडे आपल्याला पाठ असतात. आज जरा खालच्या मजल्यावर जाऊ. जो संघात आहे, पण पक्का नाही, त्याचं घर कसं चालतं?

आमच्या आयटीत बेंचवर बसलं तरी पगार येतो (टेन्शनही येतं, ते सोडा). क्रिकेटमध्ये पैसे दिवसावर. बीसीसीआयने २०२१ मध्ये जाहीर केलेले दर बघा. २० सामन्यांपर्यंतचा खेळाडू अकरात असेल तर दिवसाला ४० हजार, ४० पेक्षा जास्त सामने झालेल्याला ६० हजार. राखीव असेल तर निम्मे.

आता हिशोब करू. रणजीत साखळीचे ७ सामने, प्रत्येकी ४ दिवस. नवा पोरगा सगळे खेळला तर ११ लाख २० हजार. सगळे बाहेर बसून काढले तर ५ लाख ६० हजार. संघातूनच नाव गेलं तर शून्य. जिम, बॅटी, फिजिओ मात्र बारा महिने चालूच. मुंबईवाले त्यातल्या त्यात नशीबवान, कारण २०२४ मध्ये एमसीएने रणजीसाठी बोर्डाइतकेच पैसे वरून द्यायचं ठरवलं.

आणि आयपीएलची किमान बोली? ३० लाख. म्हणजे नव्या पोराचे रणजीचे जवळपास तीन मोसम एका सहीत!

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीतही हेच दुखणं आहे. एनएचएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त २३ खेळाडू, म्हणजे ७३६ जागा. काठावरच्याला 'टू-वे' करार मिळतो: वरच्या लीगमध्ये खेळला तर एक पगार, खाली पाठवला तर दुसरा, बराच कमी. पण खाली काहीतरी असतं. आपल्याकडे ते 'खाली' म्हणजे नोकरी.

गुणवत्ता कमी पडते म्हणून माणूस काठावर राहतो, असंही नाही हं. अमोल मुझुमदार रणजी पदार्पणात २६० करतो, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा काढतो, आणि भारताकडून एकही सामना नाही. त्या काळात मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. जागाच नव्हती! प्रवीण तांबे ऑफिसची नोकरी आणि क्लब क्रिकेट सांभाळत राहिला, २०१३ मध्ये ४१व्या वर्षी थेट आयपीएलमध्ये उतरला. त्याची गोष्ट सगळे सांगतात, नोकरीचा भाग गाळून.

म्हणून आपल्या कामणहून किट बॅग घेऊन निघणाऱ्यांसाठी एक सांगतो. कामण रोडला गाड्या मोजक्याच, त्यामुळे आधी वसई गाठा, मग लोकलमध्ये बॅग घुसवा. मैदानात पोचेपर्यंत अर्धा दम गेलेला. एवढं करून नाव यादीत आलं, तर त्याच वर्षी रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याचा फॉर्म भरा. तिथे अलीकडच्या वर्षांतली कामगिरीच धरतात. संघाबाहेर पडून तीन-चार वर्षांनी गेलात, तर जुनं सर्टिफिकेट तिथे चालत नाही.