राखेचा तलाव कोणत्या विषयात शिकवायचा?

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध अतिवृष्टीत फुटला. राखेचे पाणी शेतात आणि नाल्यांत शिरले. पुढे कन्हान आहे, आणि नागपूर पेंच व कन्हानचेच पाणी पिते. आपल्या मुलांना हा प्रसंग कॉलेजात शिकवायचा तर कोणत्या तासाला?

कागदावर उत्तर सोपे आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आणला. त्यात विज्ञान आहे, समाज आहे, कायदाही आहे. पण आमच्या पाहण्यात हा विषय बहुधा ज्याचे तास कमी भरतात त्या एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतो. मग व्याख्या पाठ होतात आणि पेपर निघून जातो.

दोन-तीन विषयांच्या शिक्षकांनी मिळून शिकवणे हा यावरचा उपाय. मात्र सोमवारी रसायन आणि मंगळवारी कायदा, अशी पाळी लावणे म्हणजे मिळून शिकवणे नव्हे. तिघेही एकाच वेळी वर्गात हवेत, आणि त्यांनी मुलांसमोर एकमेकांना अडवले पाहिजे.

खसाळ्याचेच उदाहरण घेऊ. रसायनाचे शिक्षक सांगतील की आपल्या देशी कोळशात राख फार; १०० किलो जाळला की ३० ते ४० किलो राख उरते, आणि तिच्यात आर्सेनिक, पारा, क्रोमियमचे अंश असतात. चला, बाटलीत पाणी भरून तपासू. इथे कायद्याचे शिक्षक थांबवतील. १९७४ च्या जल कायद्याचे कलम २१ सांगते की प्रदूषण मंडळाने घेतलेला सांडपाण्याचा नमुना पुरावा ठरायचा तर संबंधितांना नोटीस देऊन, नमुन्याचे भाग करून, ते सीलबंद केलेले असावे लागतात. म्हणजे पाणी कितीही विषारी असो, नमुना कसा घेतला याला तेवढेच महत्त्व आहे. रसायनाच्या मुलांना हे प्रयोगशाळेत कोणी सांगत नाही.

मग अर्थशास्त्राचे शिक्षक विचारतील, भरपाई कोणाला? पिकाचा पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा. त्या शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईचे बुडालेले दिवस पंचनाम्यात येत नाहीत. भूमिहीन मजुरांत आपले लोक किती, हे वेगळे सांगायला नको. आम्हाला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो इथे.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित होते, अभियंता नव्हते. तरी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांनी पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र धरून पुढे नेली. १९४५ मध्ये केंद्रीय जलआयोग उभा राहिला तो याच विचारातून, आणि त्याच्या अध्यक्षपदी अभियंता ए. एन. खोसला आले.

अडचणी खऱ्या आहेत. तीन शिक्षक वर्गात उभे राहिले तरी तास बहुधा एकाच्याच नावावर लागतो. प्रश्नपत्रिका कोणी काढायची यावर वाद होतो. प्राचार्यांनी निदान सत्रातले चार तास तिघांच्याही नावावर मोजावेत, एवढी मागणी पालक आणि विद्यार्थी संघटना करू शकतात.

तोवर विहारांतल्या अभ्यासिका आहेत. रसायनात पदवी घेतलेला एक, वकिली करणारी एक आणि शेतमजुरी जाणणारा एक, अशी माणसे प्रत्येक वस्तीत सापडतात. मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी मे २०२३ मध्ये अशी सुनावणी झाली. पहिल्या रविवारी तोच मराठी सारांश तिघांनी मिळून मुलांसोबत वाचावा, आणि शेजारी एका विहिरीच्या पाण्याची बाटली ठेवावी.