बारीक अक्षर आणि त्याचा क्रमांक

मोबाईलवरील परिचयाच्या ओळीत किंवा निरोपात आपले नाव अगदी बारीक, वर उचललेल्या रोमन अक्षरांत लिहिण्याची हौस आज पुष्कळांना असते. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु हे अक्षर मुळात काय आहे, हे जाणल्यावाचून ते कोठे शोभते आणि कोठे घात करते, हे ठरविता येणार नाही.

छापखान्यात खिळे जुळवीत, त्या काळी बारीक अक्षर हवे असले म्हणजे कमी पॉइंटाचा खिळा घेत. आकार बदले, पण 'क' हा 'क'च राही. संगणकाची रीत निराळी आहे. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. रोमन लिपीतील छोट्या 'ए'चा ९७. वर उचललेल्या बारीक 'ए'चा क्रमांक मात्र ७४९१! डोळ्याला जे त्याच अक्षराचे लहान रूप वाटते, ते यंत्राच्या लेखी दुसरेच अक्षर होय.

ही अक्षरे शोभेसाठी जन्मलेली नाहीत. उच्चारांतील सूक्ष्म भेद टिपणाऱ्या ध्वनिशास्त्रज्ञांना ती लागत. त्यांतील पुष्कळशी २००३ साली युनिकोडात आली. म्हणूनच हा संच पुरता नव्हता. बारीक 'क्यू'ला तर २०२१ साली जागा मिळाली, आणि जुन्या फोनवर तेथे रिकामी चौकट दिसू शकते. देवनागरीतही सामवेदाच्या गायनासाठी अक्षरांच्या माथ्यावर लिहावयाचे बारीक अंक व काही अक्षरे आहेत. त्यांना २००९ साली क्रमांक मिळाले. पण त्या स्वरांच्या खुणा आहेत. त्यांत 'सोलापूर' लिहिता येत नाही.

आता समजा, भवानी पेठेतील एखाद्या चादरविक्रेत्याने दुकानाचे नाव बारीक रोमन अक्षरांत घातले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या शहरात गिऱ्हाईक पुष्कळदा रोमन अक्षरांतच नाव शोधते, आणि तेही साध्या. वर उचललेल्या अक्षराचे मूळ अक्षर कोणते, हे युनिकोडात नोंदलेले असल्याने काही शोधयंत्रे ते ओळखतात. पण ठेंगण्या कॅपिटल अक्षरांना तशी नोंदच नाही. मग दुकान उघडे असून पाटीवर पडदा टाकल्यासारखी गत होते.

याहून मोठा प्रश्न अंध बांधवांचा आहे. त्यांचा फोन पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. अशा अक्षरांपाशी तो कधी प्रत्येक अक्षराचे लांबलचक तांत्रिक नाव उच्चारतो, तर कधी मुकाट्याने पुढे जातो. निरोप गमतीचा असेल तर फारसे बिघडत नाही. परंतु औषधाचे नाव किंवा दवाखान्याचा पत्ता असा हरवला तर? डोळसांना जी नक्षी वाटते, ती त्यांच्यापुढे भिंत होऊन उभी राहते.

तेव्हा आम्ही सुचवितो तो नियम सोपा आहे. नावाखाली एखादा शब्द हौसेने बारीक लिहावा. पण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, वेळ आणि कामाचा निरोप साध्या अक्षरांत असावा. मराठी मजकुराला तर देवनागरी सर्वांत सोयीची. अक्षर लहान दिसावे असे वाटले, तर फोनच्या मांडणीत आकार कमी करावा. तेथे जुन्या खिळ्याप्रमाणे अक्षर तेच राहते.