ब्रेकचा दिवा बोलू लागला तर

पुढच्या गाडीचा लाल दिवा एवढंच सांगतो, की ब्रेक दाबलाय. किती जोरात, ते नाही. ताशी 90 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. आपला पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढं अंतर सहज संपतं.

एलईडी दिवा मात्र सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊ शकतो. डोळ्यांना तो स्थिरच दिसतो. मागच्या गाडीतला संवेदक त्या उघडझापीतून शून्य आणि एक वाचून वेग, ब्रेकचा जोर जाणून घेतो. कल्पना जुनीच: ग्रॅहम बेल यांनी 1880 मध्ये सूर्यकिरणांवरून आवाज दोनशे मीटरपलीकडे पाठवला होता.

गंमत म्हणजे इथे खरी अडचणही सूर्याचीच. भर दुपारी साधा संवेदक उन्हाने दिपून जातो. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेरा वापरून पाहिला. त्यात सूर्य एका ठिपक्यावर उमटतो, दिवा दुसऱ्यावर. नको ते ठिपके वगळायचे. शेजारच्या दोन गाड्यांचे संदेशही असेच वेगळे राहतात, आणि कोणता कुणाचा तेही कळतं. रेडिओलहरींना हे इतकं सोपं नाही. दाट धुकं किंवा मध्ये घुसलेला ट्रक यांपुढे मात्र प्रकाश हतबल. तिथे रेडिओच हवा. दोन्ही एकत्र वापरणं मला जास्त व्यवहार्य वाटतं.