विश्लेषण : आघाडीवरच्या मार्केझने भावाला पुढे का जाऊ दिले? ट्रॅकवर टायर आणि सस्पेन्शनचे गणित काय असते?

थायलंडमधील बुरीराम येथे २ मार्च २०२५ रोजी झालेल्या मोटोजीपी शर्यतीत आघाडीवर असलेल्या मार्क मार्केझने मध्येच वेग कमी केला आणि धाकटा भाऊ अ‍ॅलेक्सला पुढे जाऊ दिले. कारण होते पुढच्या टायरमधील हवा. शर्यत संपत आली तेव्हा त्याने पुन्हा आघाडी घेत विजय मिळवला.

नियम काय आहे?

पुढच्या टायरमधील दाब शर्यतीच्या किमान ६० टक्के अंतरात १.८० बार, म्हणजे सुमारे २६ पीएसआय किंवा त्याहून अधिक असावा लागतो. अन्यथा १६ सेकंदांची शिक्षा होते. पुढे कोणी नसेल तर गार वारा थेट टायरवर येतो आणि दाब घटतो. दुसऱ्या दुचाकीच्या मागे गरम हवा मिळते, दाब वाढतो. मार्केझने नेमके हेच साधले.

हौशी चालकाने काय लक्षात घ्यावे?

थंड टायरमध्ये २५ अंशांना ३० पीएसआय हवा भरली आणि आतील हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे ३५ पीएसआय होतो. दाब वाढला की टायरचा रस्त्याला टेकणारा, जेमतेम तळहाताएवढा भाग आणखी आक्रसतो आणि पकड कमी होते. म्हणून ट्रॅकवर सुरुवातीला हवा कमी ठेवतात. ती किती, हे टायर कंपनीच्या सूचनेनुसार ठरवावे आणि पिटमध्ये परतताच गरम टायरचा दाब मोजावा. हवा फारच कमी केली तर टायर वळणात लिबलिबतो. पहिल्या एक-दोन फेऱ्या टायर तापवण्यासाठीच असतात.

‘सॅग’ म्हणजे काय?

पूर्ण पोशाखात चालक बसल्यावर सस्पेन्शन जितके दबते, तो सॅग. ट्रॅकसाठी तो साधारण ३० ते ४० मिलिमीटर ठेवतात. मागची बाजू जास्त बसली तर पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि दुचाकी वळणात बाहेर जाऊ लागते. त्यावर उपाय स्प्रिंगचा प्रीलोड वाढवण्याचा. आपल्याकडील अनेक दुचाकींत फक्त मागचा प्रीलोडच बदलता येतो, पण तेवढ्यानेही फरक जाणवतो. मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केले तर कशाचा परिणाम झाला, ते कळत नाही.

परतताना काय करावे?

कोइम्बतूरच्या कारी किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर पुण्या-मुंबईहूनही चालक जातात. दिवसअखेर थकव्यात नेमकी हवा भरायची राहते. कमी हवेचा टायर महामार्गावर सामान आणि सहप्रवाशाच्या ओझ्याखाली जास्त दबतो, तापतो आणि निकामी होऊ शकतो. त्यामुळे ट्रॅकचे फाटक ओलांडण्यापूर्वी, टायर थंड झाल्यावर, दुचाकीवरील स्टिकरनुसार हवा भरणे हाच दिवसाचा शेवटचा ‘सेटअप’.