ब्रायन हॉयर यांच्याविषयीचा वाद (२०१४)

ब्रायन हॉयर हे अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक या स्थानी खेळलेले खेळाडू आहेत. आक्रमणात चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो, त्यामुळे संघाच्या यशापयशाचे मापही बहुधा त्याच्याच पदरात पडते.

हॉयर यांचा जन्म १९८५ साली ओहायो राज्यातील लेकवूड येथे झाला व शालेय शिक्षण शेजारच्या क्लीव्हलँड शहरात. २०१३ साली ते याच शहराच्या ब्राउन्स संघात आले. परंतु गुडघ्याच्या दुखापतीने तो हंगाम लवकरच संपला. पुढच्या वर्षी ब्राउन्सने जॉनी मँझिएल या बहुचर्चित तरुण क्वार्टरबॅकची निवड केली आणि चाहत्यांत दोन तट पडले.

हॉयर यांचे समर्थक ५ ऑक्टोबर २०१४ च्या सामन्याकडे बोट दाखवत. त्या दिवशी टेनेसीविरुद्ध २५ गुणांनी मागे पडलेला संघ २९-२८ असा जिंकला. २००२ नंतर बाद फेरी न पाहिलेल्या शहराला ७ विजय व ४ पराभव ही स्थिती स्वप्नवत होती. विरोधक हंगामातील १२ टचडाउन पास आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले १३ पास मोजत. हा हिशेब खरा, पण अपुरा. कारण चेंडू मागे सोपवणारा सेंटर ॲलेक्स मॅक ऑक्टोबरमध्येच पाय मोडून बाहेर गेला होता व त्याच्यावाचून धावून चाल करणे दुबळे झाले होते.

डिसेंबरमध्ये हॉयर यांच्या जागी मँझिएल आले. त्यांनी सुरुवात केलेला पहिलाच सामना ब्राउन्सने सिनसिनाटीविरुद्ध ०-३० असा गमावला. पुढील हंगामात हॉयर ह्यूस्टनच्या संघात गेले.